मागाच्या ठोक्यांत हलणारा चंद्र: सोलापूरच्या पूर्व भागातलं एक प्रकरण

सोलापूरच्या पूर्व भागात घरं एकमेकांना टेकून उभी आहेत. बऱ्याच ठिकाणी खाली मागांचा कारखाना आणि वर बिऱ्हाड. अशोक चौकाच्या मागच्या अशाच एका गल्लीत गेल्या दसऱ्याला एक दुर्बीण आली. घेणारे गृहस्थ यंत्रमागावर जॉबर आहेत. माग अडला की ज्याला हाक जाते तो माणूस. मुलगी अकरावीला, विज्ञान शाखेत. तिला चंद्राचे फोटो काढायचे होते. दसऱ्यापासून फाल्गुनापर्यंत तिने भरपूर काढले आणि एकही मनासारखा आला नाही. तेव्हा त्यांनी मला बोलावलं. पुढे जे सापडलं ते लहान दुर्बीण घेऊन गच्चीवर चढणाऱ्या पुष्कळांच्या उपयोगाचं आहे, म्हणून त्या दोघांच्या संमतीने, नावं वगळून, सविस्तर लिहितो आहे.

दुर्बीण साधी. पुढचं भिंग ७० मिलिमीटर व्यासाचं, नाभीय अंतर ७०० मिलिमीटर. सोबत २५ आणि १० मिलिमीटरचे दोन आयपीस, म्हणजे डोळा लावायची भिंगं, चित्र तिप्पट वाढवणारी बार्लो लेन्स, नजर काटकोनात वळवणारा आरशाचा डायगोनल आणि ॲल्युमिनियमचा ट्रायपॉड. मोटर नाही, की चंद्राच्या मागोमाग फिरणारी यंत्रणा नाही. खोक्यावर शेकडो पट मोठं दिसण्याचा दावा. फोटोसाठी घरातलाच मोबाइल आणि तो आयपीसला पकडून ठेवणारा प्लॅस्टिकचा होल्डर.

मुलीची तक्रार नेमकी होती. "काका, डोळा लावला की खड्डे स्वच्छ दिसतात. फोटोत ते येतच नाहीत." तक्रार अशी नीट मांडली की निम्मं काम सोपं होतं. डोळ्याला दिसतं आहे, म्हणजे भिंग ठीक आहे. दोष भिंगानंतर कुठेतरी आहे, किंवा डोळा ज्याकडे दुर्लक्ष करू शकतो आणि कॅमेरा करू शकत नाही, अशी काहीतरी गोष्ट आहे.

घरात तोवर तीन निदानं झाली होती. तिच्या घरच्या काकांचं म्हणणं, दुर्बीण हलक्या प्रतीची, मोठी घ्यायला हवी होती. मामाचं म्हणणं, चंद्र सतत सरकतो म्हणून फोटो हलतो, मोटर बसवा. आणि मुलीला स्वतःला वाटत होतं की अजून मोठं करून काढलं तर खड्डे दिसतील, म्हणून ती बार्लो लावून काढत होती.

मामाचं निदान कागदावर तपासता येतं, म्हणून आधी तेच तपासलं. पृथ्वीच्या फिरण्यामुळे आकाश तासाला १५ अंश सरकतं, म्हणजे सेकंदाला १५ विकला (एका अंशाच्या ३६०० विकला होतात). फोटोचा वेळ १/६० सेकंद असेल तर तेवढ्यात चंद्र पाव विकला सरकेल. ७० मिलिमीटरच्या भिंगाला शेजारशेजारचे दोन ठिपके वेगळे दाखवता येण्याची मर्यादा, ११६ ला व्यासाने भागून, सुमारे १.७ विकला येते. पाव विकलेचं सरकणं या दुर्बिणीला कळणारच नाही. चंद्र सरकतो हे खरं, दोन मिनिटांत तो स्वतःच्या रुंदीएवढा पुढे जातो, पण तिच्या फोटोतला धूसरपणा त्यामुळे येत नव्हता. मोटरचा खर्च तिथेच वाचला.

बार्लोचा हिशोबही असाच. ७०० ला १० ने भागलं की ७० पट, त्यावर तिप्पट म्हणजे २१० पट. व्यासाच्या मिलिमीटरमागे दोन पट ही सर्वसाधारण कमाल धरतात, म्हणजे इथे १४०. त्यापलीकडे चित्र मोठं होतं, अंधारतं आणि नवा तपशील एकही येत नाही. शिवाय प्रत्येक थरथर तिप्पट होते. बार्लो त्या दिवशी डब्यात गेली.

मग तिचे फोटो लॅपटॉपवर उघडून नुसते पाहत बसलो. ही पायरी लोक गाळतात. वाईट फोटो पुसून टाकले जातात आणि त्यांच्याबरोबर पुरावाही जातो. तिने पुसले नव्हते, याबद्दल तिचं कौतुक करावं तेवढं थोडं. कोजागिरीचे फोटो म्हणजे पांढरी थाळी, आत काही नाही. हा अतिप्रकाशाचा दोष, सरळ. मार्गशीर्ष-पौषातल्या काही फोटोंत चंद्राची कड दुहेरी होती, एकाला लागून दुसरी. आणि माघापासून पुढच्या फोटोंत कड दुहेरी तर होतीच, पण आतला भाग लोणी फासल्यागत मऊ झालेला. थंडीत एक दोष, उन्हाळा लागताना दुसरा त्यावर चढलेला. दुहेरी कड मला कोड्यात टाकत होती. हाताचा धक्का म्हणावा तर ती टायमर लावून काढत होती.

फाल्गुन शुद्ध सप्तमीच्या संध्याकाळी गच्चीवर गेलो. तिला म्हटलं, आज फोटो नको, ७० पटीवर नुसता व्हिडिओ घे आणि हात बाजूला कर. चंद्राच्या व्हिडिओत तीन हालचाली वेगवेगळ्या ओळखता येतात. संपूर्ण चंद्र एका दिशेने संथ, सारखा सरकतो ती पृथ्वीची गती. कड जागोजागी उकळल्यासारखी लवते, एक भाग वर तर शेजारचा खाली, ती हवा. आणि संपूर्ण चंद्र एकदम, आहे तसा, इकडेतिकडे उडी मारतो तो दुर्बिणीचा धक्का. फोटोत ही तिन्ही एकमेकांत मिसळून जातात. व्हिडिओत सुटी होतात.

तिच्या व्हिडिओत तिसरी हालचाल ठळक होती, आणि ती बेताल नव्हती. चंद्र ठराविक अंतराने उडत होता. बाप-लेक दोघंही पडद्यावर वाकलेले. शेजारच्या इमारतीत तळमजल्यावर माग चालू होते, टॉवेलचे. तो आवाज पूर्व भागात राहणाऱ्याला ऐकूच येत नाही इतका सवयीचा. पण जॉबरचा कान वेगळा. त्यांनी नकळत कठड्यावर बोटाने ताल धरला, थोडा वेळ पडद्याकडे पाहिलं, आणि बोट थांबलं.

"सर, हे मागाचे ठोके हायत की."

मागावर धोटा एका बाजूने दुसरीकडे फेकला जातो, मिनिटाला शंभराहून जास्त वेळा, आणि प्रत्येक फेकीला सांगाड्याला धक्का बसतो. दोन्ही इमारतींच्या भिंती लागून. धक्का भिंतीतून स्लॅबमध्ये, स्लॅबमधून ट्रायपॉडच्या पायांत, तिथून नळीत. पायाखाली तो जाणवत नाही. पण हिशोब करून पाहा: ७० सेंटिमीटरच्या नळीचं एक टोक दुसऱ्याच्या मानाने ०.१ मिलिमीटर जरी हललं, तरी ती २९ विकलांनी वळते. भिंगाच्या मर्यादेच्या सतरापट. डोळा हे सहन करतो, कारण मेंदू थरथरत्या चित्रातलं स्थिर रूप उचलतो. कॅमेऱ्याच्या एका फ्रेममध्ये दोन कडा उमटतात.

हा अजून तर्कच होता. तो सिद्ध कसा करायचा याचा विचार चालू असताना वीज गेली. गल्ली अंधारली, माग मंदावत एकेक करून थांबले. व्हिडिओ चालूच होता. पडद्यावर चंद्र थांबला. उड्या पूर्ण बंद. आणि कड मात्र लवतच राहिली, पूर्वीइतकीच. एका मिनिटात दोन्ही दोष एकमेकांपासून वेगळे झाले. मी ठरवून प्रयोग मांडला असता तरी इतका स्वच्छ झाला नसता. वीज आल्यावरचा भाग आणखी बोलका होता. वीज आली म्हणून सगळे माग एकदम सुरू होत नाहीत, विणकर एकेकाचं हँडल ओढत जातो. तसतसा चंद्र आधी किंचित, मग जास्त, मग पूर्वीसारखा उडू लागला. मुलीने तो व्हिडिओ जपून ठेवला आहे. माझ्या मते या सगळ्या खटाटोपातला तो सर्वांत मोलाचा पुरावा आहे, पुढच्या देखण्या फोटोंपेक्षाही.

आता उरली लवणारी कड. सोलापूरच्या उन्हाळ्याबद्दल सोलापूरकरांना सांगायला नको. मार्च संपता संपता पारा चाळिशीकडे झुकतो, मे महिन्यात त्याच्याही पुढे जातो. आरसीसी स्लॅब ती धग दिवसभर पितो आणि रात्री परत सोडतो. अनवाणी गच्चीवर जा, रात्री नऊलाही तळपाय सांगतात. ती गरम हवा वर चढताना नेमकी दुर्बिणीच्या तोंडासमोरून जाते. गरम आणि गार हवेतून प्रकाश वेगवेगळा वाकतो, म्हणून चित्र लवतं. त्यात शेजारी पत्र्याचं छप्पर, पलीकडे स्वयंपाकघराची खिडकी. लोक म्हणतात गच्ची उंच, म्हणून आकाशाला जवळ. उंचीचा फायदा शून्य आहे. तीन लाख चौऱ्याऐंशी हजार किलोमीटरमध्ये दोन मजल्यांनी काय होणार? तोटा मात्र पुरेपूर. आपल्याकडच्या उन्हाळ्यात चंद्राच्या फोटोसाठी गच्ची ही घरातली सर्वांत वाईट जागा आहे, असं मी आता ठामपणे सांगतो.

दुर्बीण ठेवायची जागाही तशीच निघाली: गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत. संध्याकाळी बाहेर काढली तेव्हा नळी हाताला कोमट लागत होती. नळीतली हवा बाहेरच्या हवेला येईपर्यंत आतच प्रवाह फिरत राहतात. भिंगाची लहान दुर्बीण लवकर निवते, अर्धा तास पुरतो, पण तो अर्धा तास द्यावा लागतो.

घरामागे परस आहे. लहानसा, मातीचा, एक शेवगा, धुण्याचा दगड, तिन्ही बाजूंनी भिंती. मुलगी म्हणाली, इथून आकाश दिसतंच कुठे? वर पाहिलं तर दिसतं, आणि सोलापुरात तेवढं पुरतं. कारण असं. आपण १७.७ अंश उत्तर अक्षांशावर आहोत. चंद्र विषुववृत्ताच्या उत्तर-दक्षिणेला जास्तीत जास्त साडेअठ्ठावीस अंशांपर्यंत जातो. हिशोब केला तर दक्षिणोत्तर रेषा ओलांडताना आपल्याकडे तो कधीच ४३ अंशांच्या खाली नसतो, आणि बरेचदा थेट माथ्यावर येतो. युरोपातल्या हौशी मंडळींना दर महिन्यातले काही दिवस चंद्र क्षितिजालगत शोधावा लागतो. फाल्गुन-चैत्रातला अष्टमीचा चंद्र तर सूर्य मावळताना जवळपास डोक्यावरच असतो. वर असला की हवाही कमी लागते: ३० अंशांवरच्या चंद्राचा प्रकाश माथ्यावरच्यापेक्षा दुप्पट हवेतून येतो.

माथ्यावरच्या चंद्राची एक अडचण आहे, ती सांगायलाच हवी. साध्या ट्रायपॉडवर नळी सरळ उभी केली की तिची मागची बाजू पायाला आपटते. उपाय एकच, थांबणं. तासाला १५ अंश या हिशोबाने दोनेक तासांत चंद्र साठ-पासष्ट अंशांवर उतरतो, भिंतीच्या वरच असतो आणि नळी मोकळी फिरते. तेवढ्यात दुर्बीणही निवते.

परसातही मागांचे धक्के जमिनीतून येतात, पण फार कमी. उरलेल्यांचा बंदोबस्त वडिलांनी केला, ते त्यांचं रोजचं काम. ट्रायपॉडचे पाय ओढून लांब न करता आखूडच ठेवले, प्रत्येक पायाखाली जुन्या टायरच्या रबराचा तुकडा, आणि मधोमध पिशवीत विटा टांगल्या. पिशवी लोंबकळत ठेवली तर तीच झोके घेते, म्हणून तिचं बूड जमिनीला जेमतेम टेकेल अशी दोरी बांधली. ही शेवटची गोष्ट मला कुणी शिकवली नव्हती. त्यांना न सांगता सुचली.

आणि सडा. गरम माती निववायला काय करावं असं आमचं बोलणं चाललेलं ऐकून आजी म्हणाल्या, "मी रोज घालतेच की." दिवेलागणीला त्या परसात पाणी शिंपडतात, धूळ बसावी म्हणून. ते फक्त अर्धा तास अलीकडे आणलं. ओली माती बाष्पीभवनाने लवकर गार होते, स्लॅबसारखी धग साठवत नाही. मावळतीच्या सुमारास जमीन आणि हवा यांचं तापमान जवळजवळ सारखं होतं आणि हवा थोडा वेळ स्वस्थ असते. ती वेळही साधता येऊ लागली. आकाश निळसर असतं, पण अष्टमीचा चंद्र तेव्हाही पुरेसा उजळ असतो.

जागा बदलल्यावर पहिल्याच फेरीत कड एकेरी आली. पण खड्डे अजून हवे तसे उठत नव्हते, कारण ती अधीर होऊन पौर्णिमेला काढायला बसली होती. तिथी हा या प्रकरणातला अगदी स्वतंत्र भाग आहे, आणि माझ्या लेखी सर्वांत महत्त्वाचा. पौर्णिमेला सूर्यप्रकाश आपल्या पाठीमागून चंद्रावर समोरासमोर पडतो. सावल्या नाहीत. सावली नाही तर खोली नाही. टायको विवरापासून निघालेले पांढरे पट्टे मात्र तेव्हाच छान दिसतात, म्हणून पौर्णिमा अगदीच वाया जात नाही. पण खड्डे आणि डोंगर हवे असतील तर उजेड आणि अंधार यांच्या सीमारेषेवर जायला हवं, जिथे चंद्रावर सूर्य नुकताच उगवतो आहे आणि टीचभर उंचवट्याचीही लांबलचक सावली पडते.

याचं उत्तम उदाहरण रामनवमीच्या संध्याकाळी मिळालं. चंद्रावर ‘सरळ भिंत’ म्हणून ओळखला जाणारा एक कडा आहे, रुपेस रेक्टा. लांबी सुमारे ११० किलोमीटर, उंची जेमतेम २५० ते ३०० मीटर. चंद्राच्या अंतरावर १ विकला म्हणजे सुमारे १.९ किलोमीटर, म्हणजे ही दुर्बीण तीन किलोमीटरपेक्षा लहान गोष्ट सुटी दाखवू शकत नाही. मग तीनशे मीटरचा कडा कसा दिसावा? कडा दिसत नाहीच, त्याची सावली दिसते. तिथे सूर्य क्षितिजावर ३ अंश आला असेल तर ३०० मीटरच्या कड्याची सावली साडेपाच किलोमीटरहून लांब पडते, म्हणजे ३ विकला. दुर्बिणीच्या आवाक्यात. नवमीला सूर्य तिथे नुकताच वर आलेला असतो, म्हणून ती काळी रेघ उठून दिसते. पौर्णिमेला पाचपट मोठी दुर्बीण लावली तरी ती काळी रेघ सापडणार नाही, कारण सावलीच नसते. तिथी हे दुर्बिणीचं फुकट मिळणारं भिंग आहे आणि ते प्रत्येकाच्या घरी भिंतीवर दिनदर्शिकेत टांगलेलं असतं.

मुलीने आता स्वतःसाठी तिथींची यादी केली आहे. तृतीया-चतुर्थीला काठाजवळचा मारे क्रिसियम हा लंबगोल गडद पट्टा. पंचमी-षष्ठीला थिओफिलस, सिरिलस, कॅथरिना ही एकाला लागून एक तीन विवरं. अष्टमीला मधोमध टॉलेमियस, अल्फॉन्सस, अर्झाकेल यांची रांग आणि वर आपेनाइन्स पर्वत. नवमीला सरळ भिंत, गडद सपाट तळाचं प्लेटो, आणि दक्षिणेला सव्वादोनशे किलोमीटर रुंद क्लेव्हियस, ज्याच्या आत लहान विवरांची कमान आहे. दशमीला कोपर्निकस, ९३ किलोमीटर व्यासाचं, पायऱ्यापायऱ्यांच्या भिंतींचं.

मोबाइलच्या बाजूचं काम तुलनेने लवकर उरकलं. फोन आपण होऊन प्रकाश ठरवतो तेव्हा त्याला काळं आकाश जास्त दिसतं, म्हणून तो चित्र उजळवतो आणि चंद्र जळतो. प्रो मोडमध्ये आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची प्रकाशाला संवेदनशीलता, ५० किंवा १००. पूर्ण चंद्रासाठी २५ मिलिमीटरचा आयपीस, २८ पट. १० मिलिमीटरचा, म्हणजे ७० पट, सीमारेषेसाठी. अर्धा चंद्र पूर्ण चंद्राच्या निम्म्याने उजळ असेल असं वाटतं. प्रत्यक्षात तो सुमारे दहावा हिस्साच असतो, त्यामुळे पौर्णिमेचं सेटिंग अष्टमीला चालत नाही. तिच्या फोनवर अष्टमीला ७० पटीला १/६० सेकंदाच्या आसपास आणि २८ पटीला १/३०० च्या आसपास चांगलं आलं. नियम एकच पाळायचा: सर्वांत उजळ भागसुद्धा निव्वळ पांढरा होऊ द्यायचा नाही. काळोखी नंतर थोडी उजळता येते, जळालेलं परत येत नाही. १८४० मध्ये न्यूयॉर्कला जॉन विल्यम ड्रेपर यांनी चंद्राचं छायाचित्र घेतलं तेव्हा वीस मिनिटं प्रकाश द्यावा लागला होता. चंद्राच्या मागोमाग फिरणं तेव्हा अपरिहार्य होतं. आज डोळ्याची पापणी लवायच्या आत काम होतं, आणि म्हणूनच बिनमोटरची दुर्बीण चालते.

फोकस आधी डोळ्याने, सीमारेषेवरच्या एखाद्या विवरावर. मग फोनचा फोकस अनंतावर कुलूपबंद. फोनला स्वतः फोकस शोधू दिला की तो आणि दुर्बीण एकमेकांविरुद्ध ओढतात. फोनची एकच लेन्स पक्की करायची, नाहीतर तो मध्येच दुसरीवर उडी मारतो. फोटो टिपायला वायरच्या इअरफोनचं बटण.

एका गोष्टीबद्दल मी तिच्याशी जरा कडक बोललो. काही फोनमध्ये चंद्र ओळखून चित्र ‘सुधारणारी’ सोय असते. ती चालू असली की खड्डे आपोआप कोरीव होतात, पण ते तिच्या भिंगातून आलेले असतीलच असं नाही. ती सोय बंद. आलेला तपशील आपल्याच दुर्बिणीचा आहे, याची खात्री नसेल तर इतकी मेहनत कशासाठी? तिला हे लगेच पटलं.

शेवटचा मोठा बदल म्हणजे एकेक फोटो काढणं सोडून व्हिडिओ. हवा अगदी शांत कधीच नसते, पण मधूनमधून क्षणभर थबकते. व्हिडिओत ते क्षण सापडतात. ७० पटीला या आयपीसमधून सुमारे ४२ कलांचं आकाश दिसतं (इथे कला म्हणजे अंशाचा साठावा भाग, ६० विकला), चंद्र ३१ कलांचा. उरल्या ११ कला. चंद्र एका कडेला आणून ठेवायचा, हात काढायचा, थरथर थांबेपर्यंत दोन-तीन सेकंद द्यायचे आणि त्याला आपोआप दुसऱ्या कडेकडे सरकू द्यायचं. सेकंदाला १५ विकला या वेगाने तो चाळीसेक सेकंद चौकटीत पूर्ण राहतो. तेवढ्यात सेकंदाला ३० च्या हिशोबाने १२०० फ्रेम मिळतात, आणि एकदाही दुर्बिणीला हात लागत नाही. मोटर नसण्याचा हा उलट फायदाच झाला.

पुढचं काम जुन्या लॅपटॉपवर. पिप हे सॉफ्टवेअर प्रत्येक फ्रेममधला चंद्र मधोमध आणतं, ऑटोस्टॅकर्ट फ्रेम स्पष्टतेनुसार लावून निवडक एकमेकांवर रचतं, रजिस्टॅक्स धार काढतं. तिन्ही फुकट मिळतात. १२०० पैकी उत्तम शंभर-सव्वाशे घ्यायच्या. शंभर फ्रेम रचल्या की चित्रातली रवाळ खरखर दहापट कमी होते, आणि मगच धार काढता येते. एकट्या फ्रेमला धार काढली तर खरखरच टोकदार होते. धारेचा मोह आवरावा लागतो. चंद्राच्या कडेला पांढरी किनार दिसू लागली की आपण पुढे गेलो, दोन पावलं मागे यायचं.

रामनवमीचं तिचं चित्र माझ्यासमोर आहे. प्लेटोच्या तळावर पूर्वेच्या भिंतीच्या सावल्यांचे दात पडलेले. आपेनाइन्सची रांग अंधारात शिरताना शेवटची दोन-तीन शिखरं सुटी, नुसते उजेडाचे ठिपके, पायथा काळोखात. क्लेव्हियसमधल्या कमानीतली मोठी विवरं मोजता येतात. आणि मध्याच्या जरा खाली ती बारीक, काळी, कुठेही न वाकलेली रेघ.

काही दोष राहिले. डायगोनलच्या आरशामुळे चित्र डावं-उजवं उलटं येतं; नकाशाशी जुळेना म्हणून ती सुरुवातीला फार गोंधळली होती. ते लॅपटॉपवर आडवं उलटवायचं, बस. भिंग साधं असल्याने उजळ कडेला जांभळट झाक येते. चंद्राला रंग जवळपास नाहीच, म्हणून ती फक्त हिरवा चॅनेल ठेवून चित्र कृष्णधवल करते. अशी भिंगं हिरव्या-पिवळ्या प्रकाशातच सर्वांत नीट बसवलेली असतात, त्यामुळे धारही सुधारते.

आणि गल्लीतली पोरं परसाच्या भिंतीवर चढून एकच प्रश्न विचारतात: चांद्रयान दिसतं का? २३ ऑगस्ट २०२३ ला विक्रम उतरला ती जागा चंद्राच्या दक्षिण काठाकडे, सुमारे ६९ अंश दक्षिणेला, मॅन्झिनस विवराच्या परिसरात आहे. विक्रम दोन-अडीच मीटरचा आणि आपली मर्यादा तीन किलोमीटरची. यान दिसणार नाही. मॅन्झिनस मात्र दिसतं, काठाजवळ असल्याने चपटं, लंबगोल झालेलं, आणि अष्टमीच्या आसपास ते तिच्या दुर्बिणीतून दाखवता येतं. तिने त्या परिसराचं एक चित्र छापून त्यावर पेनाने बाण काढला आहे. वडिलांनी ते कारखान्यात नेऊन मागांच्या खात्यात लावलं, आणि शेजारच्या कारखानदाराने स्वतःहून विचारलं की मुलीला कोणत्या तिथीला किती वाजता शांतता लागते. अष्टमी-नवमीला रात्रीच्या जेवणाची सुट्टी त्या वेळेला धरायची असं आता ठरलं आहे.